डावी बाजू बंद

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात त्याला सगळे ऐकोबा म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं, कारण ऐकोबाचं कामच मुळी ऐकण्याचं. लोक फोनवर तक्रारी करत, यंत्र त्या साठवून ठेवी, आणि ऐकोबा त्या पहिल्या 'हॅलो'पासून शेवटच्या शिवीपर्यंत ऐकून चार ओळींत उतरवून काढी. बावीस मिनिटांच्या तळतळाटातून 'नळास पाणी कमी दाबाने येते' एवढंच सार काढायला अंगात चिकाटी लागते. ती त्याच्यात होती. फक्त ती कार्यालयाच्या वेळेपुरती होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. जो माणूस पगार घेऊन अख्ख्या शहराचं ऐकत होता, त्याने घरातल्या एका माणसाचं दोन वेळा ऐकलं नाही. ही गोष्ट ऐकोबा स्वतः कुणाला सांगत नाही. सांगण्यासारखी नाहीच ती. म्हणून आपणच सांगायची.

कार्यालयात टेबलं कमी आणि माणसं जास्त झाल्यामुळे आठवड्यातले तीन दिवस त्याला घरून काम करायची परवानगी मिळाली होती. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबलाच्या डाव्या हाताला सासऱ्यांची खाट. सासरे रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होते. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी ते एक ट्रंक आणि एक खोकं घेऊन लेकीकडे राहायला आले. ट्रंक खाटेखाली गेली. खोकं ऐकोबाने माळ्यावर टाकलं आणि म्हणाला, "नंतर बघू, बाबा." सासरे म्हणाले, "बघू की."

ऐकोबा तक्रारी कॉम्प्युटरच्या स्पीकरवरच ऐकायचा, बारीक आवाजात. पण घर दोन खोल्यांचं, त्यात बारीक आवाज तो किती बारीक असणार? सगळं घर तक्रारी ऐकू लागलं. बायको भाजी चिरता चिरता 'हा माणूस खोटं बोलतोय' असा निकाल देऊ लागली. सासऱ्यांचा तर एका आजींवर विशेष जीव जडला. त्यांचा मीटर गळत होता. त्या दर मंगळवारी फोन करत, तक्रार दोन वाक्यांत आटोपत आणि उरलेला वेळ यंत्राशीच सुखदुःखाच्या गोष्टी बोलत. मंगळवारी दुपारी सासरे चष्मा पुसून तयार बसत. "आजींचा आवाज आज बसलाय," ते म्हणत. "घसा धरलाय त्यांचा. जावईबापू, त्यांचा मीटर बघायला माणूस गेला का हो?"

हे असंच सुखाने चाललं असतं, पण खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तक्रार केली. त्यांना पाणी कमी येत होतं, आणि त्याचं कारण म्हणून त्यांनी 'वरच्या मजल्यावरचा तो लांबडा माणूस, जो दोन-दोन तास आंघोळ करतो' असं सांगितलं. लांबडा माणूस म्हणजे ऐकोबा. ही तक्रार ऐकोबाच्याच स्पीकरमधून ऐकोबाच्याच घरात वाजली, बायको पोट धरून हसली, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात तिने दंतवैद्यांना विचारलं, "काय डॉक्टर, आज आंघोळीला पाणी पुरलं ना?" दंतवैद्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी तक्रार विभागाविरुद्ध तक्रार केली. ती तक्रार, रीतीप्रमाणे, ऐकोबाकडेच ऐकायला आली.

आठ दिवसांत परिपत्रक निघालं. घरून काम करणाऱ्यांनी ध्वनिमुद्रण हेडफोनवरच ऐकावे, आणि हेडफोन बंद पाठीचा असावा. म्हणजे कानावरच्या वाट्या मागून पूर्ण बंद. काही हेडफोनांना मागे जाळी असते, तिच्यातून आवाज बाहेर सांडतो. तसला चालणार नाही. मॉडेल कर्मचाऱ्याने निवडावे, खरेदी कार्यालय करील.

'कर्मचाऱ्याने निवडावे' हे दोन शब्द वाचून ऐकोबाची छाती दोन इंच फुगली. आजवर त्याच्या आयुष्यात त्याने काय निवडलं होतं? पडदे बायकोने निवडले, नोकरी वडिलांनी निवडली, चष्म्याची फ्रेमसुद्धा दुकानदाराने नाकावर चढवली आणि "छान दिसतेय" म्हणून पैसे घेतले. आता हेडफोन तरी आपण निवडायचा, आणि असा निवडायचा की टेबलावरही तोच आणि सकाळी फिरायला जातानाही तोच. त्याने वही आणली आणि पहिल्या पानावर अपेक्षा लिहिल्या. माणसाचा आवाज स्वच्छ यावा, नुसता ढबढब नको. चष्म्याच्या काड्या टोचू नयेत. कान घामेजू नयेत. वायर निघावी. चार तास घातला तरी डोकं दुखू नये. बायकोने वही वाचली आणि म्हणाली, "लग्नाच्या वेळी एवढं लिहिलं होतं का?"

इथे सासऱ्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "जावईबापू, हेडफोनचंच म्हणत असाल तर आपल्याकडे..."

"हो, बाबा. नंतर निवांत बोलू," ऐकोबा म्हणाला आणि पान उलटलं.

आता त्याची बाजूही सांगायला हवी. सासऱ्यांना आवाजाबद्दल काही विचारलं की ते आवाज म्हणजे काय इथून सुरुवात करत, मग हवा, मग पडदा, मग त्यांचे रेडिओतले साहेब, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर संध्याकाळच्या चहाला पोहोचे. त्यामुळे ज्याने आयुष्याची पस्तीस वर्षं कानांवर हेडफोन चढवून काढली, तो घरात खाटेवर बसलेला असताना ऐकोबाने त्याला सोडून सगळ्या जगाला विचारलं.

दंतवैद्यांना विचारलं, कारण भांडण मिटवायचं होतं. त्यांनी मोठ्या मनाने त्याला खुर्चीत बसवलं, जबडा उघडायला लावला, हेडफोनचा दाब जबड्याच्या सांध्यावर कसा येतो ते समजावलं आणि जाता जाता दोन किडलेल्या दाढा दाखवल्या. समोरच्या घरातल्या भूगोलाच्या बाईंनी आपला हेडफोन चार दिवस वापरायला दिला. तो एवढा प्रशस्त होता की ऐकोबाने मान खाली घातली की तो नाकावर यायचा. केशकर्तनालयात सल्ला मिळाला की आधी कानावरचे केस कापा, मग हेडफोन घ्या. ऐकोबाने कापले. पुढे पंधरा दिवस कार्यालयात सगळे त्याला "आजारी होता का?" असं विचारत होते.

मग दुकान. दुकानातल्या मुलीने बंद पाठीचा एक उत्तम हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि गाणं लावलं. जग एकदम नाहीसं झालं. ऐकोबाला परमानंद झाला. दुकानभर गिऱ्हाइकं आहेत, आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणजे त्यांनाही येत नसणार, अशा समजुतीत तो गळा मोकळा सोडून म्हणाला, "वा! आता बायको काय बोलते ते कळणारसुद्धा नाही!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. बायको त्याच्या मागेच उभी होती. त्या दिवशी रिक्षात दोघं दोन बाजूंना बघत घरी आली.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. "जावईबापू, त्या माळ्यावरच्या खोक्यात..."

"बाबा, डोकं दुखतंय हो. नंतर."

"अहो, बाबांना विचारा ना एकदा," बायको आतून म्हणाली. भांडणात असूनही म्हणाली, हे लक्षात घ्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

ऐकोबा म्हणाला, "विचारतो ना." विचारलं नाही.

अखेर मॉडेल ठरलं. ऐकोबाने नमुना क्रमांक अकरा भरला. त्यात रकाना होता: वापराचा हेतू, टेबल की प्रवास. ऐकोबाने दोन्हीवर खूण केली. फॉर्म परत आला. त्याने टेबलावर खूण करून कंसात 'कधीमधी चालताना' असं लिहिलं. फॉर्म परत आला. तिसऱ्यांदा तो स्वतःच भांडारात गेला. भांडारप्रमुख हा मुळात वाईट माणूस नव्हता. फक्त त्याचा नियमांवर इतका विश्वास होता की नियम नसलेल्या जागी तो घाबरायचा.

"हेतूचं सोडा हो," भांडारप्रमुख म्हणाला. "तुमचा जुना हेडफोन कुठाय? जुना जमा केल्याशिवाय नवीन देता येत नाही."

"मला जुना दिलाच नव्हता."

"म्हणजे हरवला?"

"दिलाच नव्हता, तर हरवेल कसा?"

"म्हणजे मोडला?"

"अहो, नव्हताच!"

भांडारप्रमुखाने चष्मा काढला. "हे बघा, हरवला म्हणाल तर चौकशी बसेल. मोडला म्हणाल तर खुलासा मागतील. नव्हता म्हणालात तर मग इतकी वर्षं तुम्ही तक्रारी कशा ऐकल्या, असं विचारतील. त्यापेक्षा एक करा. घरात कुठला तरी जुना, कानावर बसणारा हेडफोन असेलच. तो आणून जमा करा. मी पावती देतो. सगळ्यांचा प्रश्न सुटला."

ऐकोबाला ही युक्ती फारच पसंत पडली. तो घरी आला, स्टूल मांडलं आणि माळ्यावर चढला. खोक्यात वायरी, रिळं, दोन जुने मायक्रोफोन, आणि तळाशी एका मऊ, विटलेल्या दुपट्यात गुंडाळलेला हेडफोन होता. काळा, जड, कानांवर दोन चामडी गाद्या, वाट्या मागून पूर्ण बंद. त्याने तो खाली आणून कॉम्प्युटरला लावला. उजव्या कानात आवाज आला. डावा कान ठप्प. वायर हलवली, ठोकून पाहिलं, काही नाही. "एका कानाने बहिरा," तो स्वतःशी म्हणाला आणि निश्चिंत झाला, कारण बिघडलेली वस्तू जमा करायला मनाला काही लागत नाही. त्याच दुपट्याने त्याने कॉम्प्युटरचा पडदा पुसला. छान पुसला गेला.

सासरे तेव्हा फिरायला गेले होते. बायको कामावर. विचारण्यासारखं घरात कुणी नव्हतं, असं ऐकोबा पुढे बरेच दिवस म्हणत होता. पण दोन तास थांबायला त्याला कुणी मनाई केली नव्हती.

वस्तू जमा झाली. पावती मिळाली. पंधरवड्याने नवा हेडफोन आला, त्याच्या पट्टीवर भांडाराचा क्रमांक डकवलेला. वहीतल्या सगळ्या अपेक्षा त्याने पूर्ण केल्या. माणसाचा आवाज इतका स्वच्छ की तक्रारदाराने आवंढा गिळलेलाही कळावा. शनिवारी सकाळी ऐकोबाने तो घरात सगळ्यांना दाखवला. सासऱ्यांनी हातात घेतला, वाट्या दाबून पाहिल्या, गादीवरून अंगठा फिरवला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "प्रामाणिक आवाज असेल. आता मी म्हणत होतो ते बोलू? तुम्हाला सवड आहे?"

"बोला ना, बाबा," ऐकोबा म्हणाला. तो आनंदात होता.

"माळ्यावरचं खोकं काढून द्या जरा. केव्हापासून तुम्हाला एक वस्तू द्यायची म्हणतोय. माझा हेडफोन. त्यात तुमचं काम आरामात झालं असतं, पण असो, आता हा आलाय. तरी ठेवा तुमच्याकडे. माझ्या मागे कुणाला कळायचं नाही ते काय आहे."

ऐकोबा स्टुलाकडे गेला, स्टूल उचललं, परत ठेवलं. "खोकं जड आहे, बाबा. संध्याकाळी काढतो."

"त्याचा डावा कान बंद आहे बरं का," सासरे सांगत होते. "मीच तोडलाय. ही सहा महिन्यांची होती तेव्हा." त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. "हिच्या आईची दवाखान्यात दिवसपाळी. मी दुपारी टेपची रिळं घरी आणून तिरकी कापून जोडायचो. दोन्ही कान बंद केले तर ही उठलेली कळणार कशी? एकदा रडून रडून काळीनिळी झाली होती आणि मी गाण्यात. त्या दिवशी वाटी उघडली आणि डावीकडची तार तोडून टाकली. पुढे ही मोठी झाली, पण मी तार जोडली नाही. उजव्या कानाने काम, डाव्याने घर. साहेब म्हणायचे, दुरुस्त करून घ्या. मी म्हणायचो, दुरुस्तच आहे."

बायको दारात येऊन उभी होती. तिच्या हातात ते दुपटं होतं. "अहो, हे पडदा पुसायच्या फडक्यांत काय करतंय?" तिने विचारलं. "हे माझं आहे."

ऐकोबा चपला घालून निघाला. शनिवार असूनही भांडार उघडं होतं, कारण वर्षअखेरीची कामं चालली होती. भांडारप्रमुखाने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि जिव्हाळ्याने म्हणाला, "काल आला असतात तर!"

"काल काय झालं?"

"निर्लेखन झालं ना. त्रिसदस्यीय समिती बसली होती. निकामी वस्तू पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून समितीसमक्ष फोडायची, असा नियम आहे. पंचनामा आहे बघा." त्याने फाइल पुढे केली. पंचनाम्याला पुरावा म्हणून वीतभर काळी वायर टाचली होती. भांडारप्रमुखाला वाटलं काही तरी चांगलं बोलावं. "पण वस्तू काय दणकट हो! दोन घाव घातले तरी फुटेना. तिसऱ्याला फुटली."

ऐकोबाने वायरीचा तुकडा मिळावा म्हणून अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. 'कौटुंबिक' असं लिहिलं. भांडारप्रमुखाने अर्ज दोनदा वाचला, इकडेतिकडे पाहिलं, टाचणी काढली आणि तुकडा त्याच्या हातात ठेवला. नोकरीत नियम मोडण्याची ती त्याची पहिलीच वेळ असावी, कारण त्याच्या बोटाला टाचणी लागली.

घरी येऊन ऐकोबाने सगळं सांगितलं. त्याने आयुष्यात एवढ्या तक्रारींचा गोषवारा लिहिला होता, पण स्वतःचा अपराध त्याला चार ओळींत मांडता येईना. तो अडखळला, मध्येच नियम सांगायला लागला, मध्येच रडकुंडीला आला. बायको दुपट्याची घडी घालत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं. सासऱ्यांनी वायर हातात घेतली आणि तिचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं.

"तिरकी कापायला हवी होती," ते म्हणाले. "म्हणजे पुन्हा जोडता येते."

एवढंच. मग त्यांनी ती गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पेपर उघडला.

सोमवारपासून ऐकोबा नव्या हेडफोनमध्ये तक्रारी ऐकू लागला. आवाज बाहेर सांडत नव्हता. घरात शांतता झाली. बायको निकाल देईना, मंगळवारी सासरे चष्मा पुसून तयार बसले आणि काहीच ऐकू येईना म्हणून थोड्या वेळाने आडवे झाले. आजींचा फोन आला होता. मीटर अजून गळत होता. हे ऐकोबाला एकट्यालाच कळलं, आणि कधी नव्हे ते त्याला ती तक्रार ऐकवेना.

गुरुवारी तो हेडफोन आणि तारांना डाग द्यायचं जुनं यंत्र घेऊन खाटेपाशी गेला. "बाबा, याची एक बाजू तोडून द्या."

"कार्यालयाची वस्तू आहे."

"असू दे."

"कुठली तोडू?"

"डावी. तुमची खाट तिकडे आहे."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. ऐकोबाने वाटी धरली, बायकोने टॉर्च धरला. पाऊण तास लागला. गादी काढताना एक चीर गेली आणि बायकोच्या बोटाला चटका बसला, पण काम झालं. सासऱ्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून तपासला आणि मान डोलावली. त्यानंतर ऐकोबा डावी वाटी कानामागे सरकवून बसू लागला. फिरायला जाताना जिन्यात ते बघून दंतवैद्यांनी जबड्याला सूज आली का असं विचारलं.

सहा महिन्यांनी साहित्याची तपासणी निघाली. भांडारप्रमुखाने हेडफोन लावून पाहिला, काढला, उलटा करून पुन्हा लावला. "अहो, डावी बाजू बंद आहे. नवाकोरा माल, आणि एका बाजूने गेला? जमा करा, निर्लेखनात घालू. दुसरा देतो."

ऐकोबाने तो त्याच्या हातातून असा ओढला की पट्टीवरचा क्रमांक निघून आला. "दुरुस्तच आहे," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने हा सगळा प्रकार सासऱ्यांना रंगवून सांगितला. ते थोडं हसले. ऐकोबा टेबलापाशी बसला. उजव्या कानावर वाटी, डावा कान खाटेकडे मोकळा. असा तो सहा महिने बसत होता, आणि या सहा महिन्यांत खाटेवरून एकदाही 'जावईबापू, आपल्याकडे...' अशी सुरुवात झाली नव्हती. सासरे रागावले नव्हते. विचारलं तर उत्तर देत, चहा झाला की कप उचलून ठेवत. फक्त आपणहून बोलायची त्यांची सवय गेली होती.

"बाबा," ऐकोबाने हेडफोन पूर्ण काढून विचारलं, "त्या खोक्यात मायक्रोफोन आहेत ना दोन, ते कसले हो? सांगा ना. अगदी पहिल्यापासून सांगा. मला सवड आहे."

सासऱ्यांनी पेपरावरून त्याच्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे सतरा तक्रारी थांबल्या होत्या.

"तुमचं काम चाललंय, जावईबापू," ते मायेने म्हणाले. "नंतर सांगतो."

ऐकोबाने हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवला, डावी वाटी कानामागे सरकवली, आणि पुढची तक्रार लावली.